तोफगाड्यांच्या शहरात कामाचा शोध

जबलपूरमध्ये गेल्या दीडशे वर्षांत मोठ्या संख्येने काम आले ते दोन दारांतून: रेल्वे आणि लष्कर. दोन्हींमागे सरकार होते. त्यामुळे इथल्या बेकारीचा इतिहास बाजारपेठेपेक्षा लढायांशी, दुष्काळांशी आणि राजधान्यांच्या फेरबदलांशी अधिक बांधलेला आहे. लढाई सुरू झाली की शहरात माणसे भरती होत, लढाई संपली की तीच माणसे दाराबाहेर येत. दोन भरतींच्या मधल्या काळात कुटुंबे कशी तगली आणि उमेद कशाच्या आधारावर टिकली, हे सनावळीच्या क्रमाने पाहता येते. उमेद हा केवळ स्वभावाचा गुण नसतो. अर्ज कुठे करायचा, नाव कोणत्या यादीत आहे आणि पुढची तारीख कोणती, हे माणसाला ठाऊक असेल तर तो पुष्कळ काळ धीर धरू शकतो. जबलपूरचा अनुभव तरी असाच आहे.

शहराच्या नैर्ऋत्येला काळ्या-करड्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर मदन महल हा गोंड राजांचा छोटा किल्ला आहे. परंपरा त्याचा संबंध मदनशाह किंवा मदनसिंह या राजाशी जोडते. पायथ्याजवळचा गढा हा भाग गोंड राज्याची राजधानी होता. संग्रामशाहाच्या आणि राणी दुर्गावतीच्या काळाशी जोडलेले अनेक तलाव या परिसरात आहेत. संग्रामसागर, राणीताल, आधारताल आणि चेरीताल ही नावे आजही वस्त्यांना चिकटून आहेत. तलावाचे काम म्हणजे माती खणणे, वाहणे, बांध घालणे आणि दगड बसवणे. पिके बुडालेल्या वर्षी शेतमजुराला असे काम मिळाले तर तो गाव सोडत नाही. या प्रदेशात सार्वजनिक कामावर पोट भरण्याची कल्पना इंग्रजांनी आणली असे समजण्याचे कारण नाही.

१७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला आणि १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ च्या अखेरीस सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला. त्या वर्षांत मध्य भारतात फौजा मोडल्या, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला आणि शस्त्रावर जगणारे पुष्कळ हात एकाएकी रिकामे झाले. पुढे ठगांविरुद्धच्या मोहिमेचे जबलपूर हे मुख्य ठाणे बनले. मोहिमेचा सूत्रधार विल्यम स्लीमन याने माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना आणि त्यांच्या कुटुंबांना इथेच ठेवले होते. १८३७ मध्ये त्यांच्यासाठी एक उद्योगशाळा निघाली. कॅप्टन चार्ल्स ब्राउन याच्या देखरेखीखाली तिथे तंबू आणि गालिचे तयार होत आणि त्यांना दूरवर गिऱ्हाईक मिळे. कारागिरी शिकवून माणसाला नवी रोजी देण्याचा हा या शहरातला पहिला संघटित प्रयत्न होता. मात्र तिथले कारागीर कैदी होते. काम सोडण्याचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते आणि मुलांनाही भिंतीआडच वाढावे लागले. या शाळेचे कौतुक करणाऱ्या जुन्या लेखनात ही बाजू बहुधा सुटते.

१८६७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे अलाहाबादकडून जबलपूरला पोचली. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे तिला इथेच मिळाली आणि मुंबई-कलकत्ता सलग लोहमार्ग पुरा झाला. मदन महलचे स्थानक याच मार्गावर, जबलपूरहून इटारसीकडे निघाल्यावर पहिले लागते. रेल्वेने दोन प्रकारचे काम आणले. भराव, पूल आणि खडी यांचे काम हजारोंना मिळाले, पण रूळ पडताच ते संपले. पॉइंट्समन, फायरमन, फिटर, गँगमन, बाबू या नोकऱ्या थोड्या होत्या, पण त्या टिकल्या. कच्चे काम आणि पक्की नोकरी यांतली ही दरी पुढे प्रत्येक पिढीने अनुभवली. कच्च्या कामावरचा माणूस पक्क्या नोकरीच्या आशेवर कमी मजुरीतही राही, ही सवयही तेव्हापासूनची.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताचे कंबरडे मोडले. १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. पहिल्या दुष्काळात सरकारी कामे उशिरा निघाली आणि त्याबद्दल प्रांतिक सरकारवर उघड टीका झाली. दुसऱ्या वेळी कामे लवकर आणि सढळ हाताने काढली गेली. १९०० च्या पावसाळ्यात प्रांतात वीस लाखांहून अधिक लोक सरकारी मदतीवर होते. खडी फोडणे, रस्ते आणि तलाव ही कामे दुष्काळसंहितेच्या नियमांनी चालत. मजुरीचा दर धान्याच्या भावाशी बांधलेला असे, कामाचे माप ठरलेले असे आणि अशक्तांसाठी वेगळी सोय असे. मजुरी जेमतेम जीव जगवण्यापुरतीच होती, आणि माप भरले नाही तर तीही कापली जाई. तरीही काम मागणाऱ्याला कुठे जायचे ते ठाऊक होते. महाराष्ट्राच्या वाचकाला यात रोजगार हमीची पूर्वजा दिसेल. वि. स. पागे यांनी जिची कल्पना मांडली आणि जिचा कायदा १९७७ मध्ये होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, त्या योजनेने मोठी मजल मारली. सरकारच्या मर्जीवरची दुष्काळी मदत तिने मजुराचा हक्क बनवली.

त्याच दुष्काळाने जबलपूरला एक अनपेक्षित धंदा दिला. गुजरातेत १८९९ मध्ये पाऊस बुडाला, तेव्हा मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल हे दोघे मित्र कामाच्या शोधात या भागात आले. इथल्या जंगलात तेंदूपान मुबलक होते आणि त्यात तंबाखू वळून विडी करता येते, हे त्यांनी हेरले. १९०२ मध्ये त्यांनी आपल्या विडीचे व्यापारचिन्ह नोंदवले. त्याच सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद मापाची लाइन गोंदियाहून सातपुडा ओलांडून जबलपूरला आली आणि पान, तंबाखू, माल व माणसे यांची ये-जा सोपी झाली. गोंदिया-भंडाऱ्याचा विडी उद्योग आणि जबलपूरचा विडी उद्योग ही एकाच जंगलपट्ट्याची दोन टोके आहेत. दोन बेकार माणसांनी सुरू केलेल्या धंद्यावर पुढे लाखोंचे पोट चालले, ही गोष्ट उमेद वाढवणारी खरीच. तिची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. विडी वळायला यंत्र लागत नाही, कात्री आणि सूप पुरते. म्हणून काम कारखान्यातून घरी गेले आणि सट्टेदाराच्या, म्हणजे मध्यस्थ कंत्राटदाराच्या, हाती पडले. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळे, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वळणारीच्या माथी बसत. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना कायद्याचे संरक्षण मिळायला १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा यावा लागला. नवऱ्याची नोकरी सुटली की शहरातल्या पुष्कळ घरांत चूल पेटती ठेवली ती या बायकांच्या बोटांनी. बेकारीच्या नोंदींत त्यांचे नाव कुठेच येत नाही, कारण सरकारी अर्थाने त्या ना नोकरीत होत्या ना बेकार.

१९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफगाड्यांचा कारखाना, जबलपूरला स्थापन झाला. किनाऱ्यापासून दूर, दोन मोठ्या रेल्वेमार्गांच्या सांध्यावर आणि भोवती लाकडाची जंगले, असे हे ठिकाण लष्कराच्या सोयीचे होते. सुतार, लोहार, ओतारी यांच्या जातीगत कौशल्याला इथे पगार, हजेरीपट आणि मोजमापाची शिस्त मिळाली. पहिल्या महायुद्धात काम वाढले आणि युद्ध संपल्यावर ओसरले. दुसऱ्या महायुद्धात तोच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडला. १९४२ च्या सुमारास शहराच्या पूर्वेला खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. लष्करी भांडार आणि प्रशिक्षण केंद्रे वाढली, रांझीसारख्या वस्त्या कामगारांनी भरल्या. बालाघाटहून आणि नागपूर, भंडारा व विदर्भाच्या इतर भागांतून आलेली मराठी माणसेही त्यात होती.

युद्ध १९४५ मध्ये संपले. पंचवीस लाखांच्या आसपास पोचलेली हिंदी फौज कमी करायची होती आणि कारखान्यांतले जादा हात मोकळे करायचे होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातल्या जवानांनी पगार, जेवण आणि वागणूक यांवरून, तसेच आझाद हिंद सेनेच्या खटल्यांच्या निषेधार्थ बंड केले. त्यानंतर अनेक जवान बडतर्फ होऊन पेन्शनविना गावी परतले. घरी परतणाऱ्या सैनिकांना नागरी काम मिळवून देण्यासाठी भारत सरकारने जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापून ठिकठिकाणी रोजगार कार्यालये उघडली. फाळणीनंतर निर्वासितांची नावे त्यांत आली आणि १९४८ च्या आरंभी ही दारे सगळ्यांसाठी खुली झाली. शिवा राव समितीच्या शिफारशींनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला.

याच अस्थिर वर्षांत, १९४६ ते १९४८ च्या दरम्यान, गजानन माधव मुक्तिबोध जबलपुरात राहत होते. मातृभाषा मराठी आणि लेखन हिंदीत अशा या कवीचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे भाऊ. इंदूरच्या होळकर कॉलेजातून १९३८ मध्ये ते बी.ए. झाले. त्यानंतरची वीस वर्षे ही एका पदवीधराच्या काम शोधण्याची कहाणी आहे: बडनगर, शुजालपूर, उज्जैन, कलकत्ता, बनारस, मग जबलपूर. इथे ते हितकारिणी हायस्कूलमध्ये शिकवत आणि ‘जयहिंद’ या दैनिकातही काम करत. दोन ठिकाणचे काम मिळूनही घर चालवणे अवघड होते. १९४८ मध्ये ते नागपूरला गेले. तिथे माहिती खाते, आकाशवाणी आणि ‘नया खून’ हे साप्ताहिक अशी वळणे घेत त्यांनी नोकऱ्या केल्या. या धावपळीत, वयाच्या छत्तिशी-सदतिशीत, त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. तिच्या जोरावर १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकी मिळाली, आणि त्यांच्या अनेक महत्त्वाच्या कविता त्या स्थैर्याच्या थोड्या वर्षांत आकाराला आल्या. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. एवढ्या उशिरा घेतलेल्या पदवीकडे त्या काळी कुणी व्यर्थ खटाटोप म्हणूनही पाहिले असेल. पण हातात असलेल्या कामाच्या पलीकडचे एक दार त्यांनी किलकिले ठेवले होते, आणि तेच उघडले.

जबलपूरचे हरिशंकर परसाई त्याच पिढीचे. त्यांनी १९५२ मध्ये सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली, काही वर्षे खासगी शाळांत शिकवले आणि १९५७ मध्ये तेही सोडून केवळ लेखणीवर जगायचे ठरवले. ‘वसुधा’ हे मासिक ते इथूनच काढत. मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ त्यात क्रमशः आली. एकाला नोकरी मिळत नव्हती, दुसऱ्याने ती टाकली होती, आणि तुटपुंज्या मासिकाने दोघांना जोडून ठेवले होते. बेकारीत माणूस आधी पैशाने आणि मग ओळखीपाळखीने तुटत जातो. हे दुसरे तुटणे त्या मासिकाने थांबवले, ही त्याची मोठी कामगिरी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, नव्या राज्याची भोपाळ झाली. राजधानी आपल्याला मिळेल ही जबलपूरकरांची अपेक्षा फोल ठरली, पण उच्च न्यायालय शहराला मिळाले. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेल्याने मराठी सरकारी नोकरांपुढे प्रश्न उभा राहिला. कुणाची नेमणूक मुंबई राज्यात झाली, कुणाची मध्य प्रदेशात. न्यायालयाभोवती वकील, टंकलेखक, लघुलेखक आणि मुन्शी यांचे काम वाढले, आणि टायपिंग व शॉर्टहँड शिकणे हा मॅट्रिक झालेल्या मुलांचा पहिला आधार बनला. रेल्वेची नोकरी हवी असेल तर मात्र नजर मुंबईकडे लागे. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाल्यापासून जबलपूर विभाग तिच्यात होता आणि मुख्यालय मुंबईत होते. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय जबलपूरला झाले ते २००३ मध्ये.

१९५९ मध्ये जर्मन मान कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रक तोफगाड्यांच्या कारखान्यात तयार होऊ लागला. १९६२ च्या युद्धाने सैन्याची वाहनांची गरज उघडी पाडली आणि १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली. शक्तिमान, जोंगा आणि वाहन एक टन ही नावे देशभरच्या छावण्यांत पोचली. मग ग्रे आयर्न फौंड्रीही आली. साठ आणि सत्तरची दशके हा शहराच्या भरतीचा सुकाळ होता. त्या काळी काम मिळवण्याचा रस्ता साधारण असा होता. मुलगा आयटीआयमधून फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट होई. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करी. मग रोजगार कार्यालयात नाव घालून कॉलची वाट पाही, आणि ट्रेड टेस्ट उतरला की कामावर रुजू होई.

रोजगार कार्यालयाचे कार्ड ही त्या पिढीची जपून ठेवायची वस्तू होती. १९५९ चा कायदा १ मे १९६० पासून लागू झाला. सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कार्यालयाला कळवणे त्याने बंधनकारक केले. माणूस तिथूनच घ्यावा असे बंधन कायद्यात नव्हते. सरकारी खाती मात्र बहुधा कार्यालयाकडूनच नावे मागवत. शिक्षण, धंद्याचा संकेतांक आणि नोंदणीची ज्येष्ठता पाहून नावे जात. ठरल्या मुदतीत नूतनीकरण चुकले की ज्येष्ठता जाई, आणि अनेक वर्षांची प्रतीक्षा एका विसरलेल्या तारखेने पुसली जाई. म्हणून घरातले वडीलधारे त्या तारखेची आठवण ठेवत. कॉल आला तरी एका जागेसाठी अनेक नावे गेलेली असत. तरी आपले नाव पुढे सरकते आहे हा दिलासा खरा होता. शिकवण्या, दुकानात हिशोब लिहिणे, सायकल दुरुस्ती, घरी विड्या, रेल्वेच्या परीक्षेचा अर्ज हे सगळे त्या प्रतीक्षेच्या जोडीने चाले. १९७६ पासून ‘रोजगार समाचार’ हे साप्ताहिक निघू लागले. वाचनालयात एका अंकावर अनेकांनी डोके घालून जाहिराती उतरवून घेणे हा तरुणांचा आठवड्याचा नेम झाला.

नव्वदच्या दशकात हा रस्ता अरुंद झाला. शक्तिमानचे उत्पादन थांबले, जोंगाही बंद झाली. त्यांच्या जागी आलेल्या स्टॅलियन आणि एलपीटीए या गाड्या अशोक लेलँड आणि टाटा यांच्या परवान्यावर जुळवल्या जात, म्हणून तेवढे हात लागत नसत. निवृत्तांच्या जागा भरणे मंदावले. नोकरीत असताना मृत्यू आलेल्यांच्या वारसांसाठी अनुकंपा नियुक्ती होती, पण तिला थेट भरतीच्या पाच टक्क्यांची मर्यादा असल्याने विधवा आणि मुले वर्षानुवर्षे यादीत अडकली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की केवळ रोजगार कार्यालयाने पाठवलेल्या नावांपुरती निवड मर्यादित ठेवू नये, जाहिरात देऊन सर्वांना संधी द्यावी. निर्णय न्याय्य होता, कारण कार्यालयापर्यंत न पोचलेल्या खेड्यातल्या मुलालाही त्याने दार उघडले. कार्डाचे मोल मात्र त्यानंतर ओसरले आणि स्पर्धा परीक्षा हाच एकमेव मार्ग उरला.

म्हणूनच २०१३ मध्ये उघड झालेल्या व्यापम प्रकरणाचा घाव खोल होता. मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या प्रवेश आणि भरती परीक्षांत तोतये उमेदवार आणि फेरफार सापडले, आणि जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. ज्यांनी प्रामाणिकपणे वर्षे घालवली त्यांच्या दृष्टीने यादीच खोटी निघाली होती. जागा कमी आहेत हे तरुण समजून घेतो. जागा विकली गेली हे कळल्यावर त्याची अभ्यासाला बसण्याची शक्तीच जाते. पैशाच्या अंगाने त्या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली, या अंगाने फार थोडी.

कारखान्यांच्या दाराशीही बदल घडत होते. २०१७ पासून सैन्याच्या अनेक साध्या वस्तू आणि वाहने खुल्या बाजारातून घेता येतील असे ठरू लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये महामंडळीकरणाविरुद्ध देशभरच्या आयुध कामगारांनी संप केला, त्यात जबलपूरही होते. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. व्हेईकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगमकडे गेली, तोफगाड्यांचा कारखाना अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्सकडे, खमरिया पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आणि फौंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. कामाची नवी आशाही त्याच कारखान्यांतून आली. २०१९ च्या एप्रिलमध्ये पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा जबलपूरहूनच सैन्याला मिळाल्या आणि एकूण ११४ तोफांची मागणी होती.

मदन महलच्या टेकडीवर या सगळ्या काळात रोजंदारीवरची माणसे घरे बांधत राहिली, कारण तिथून शहरातले काम पायी गाठता येई. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अलीकडच्या वर्षांत टेकडी मोकळी करण्यात आली आणि कुटुंबे शहराबाहेर वसवली गेली. प्राचीन खडक आणि किल्ला यांचे रक्षण आवश्यक होते. पण घर कामापासून दूर गेले की बसभाड्यात मजुरीचा वाटा जातो आणि घरकाम करणाऱ्या बाईची दोन घरे सुटतात. पुनर्वसनाच्या हिशोबात ही घट धरली जायला हवी होती. गोंदियाची अरुंद लाइन २०१५ मध्ये बंद होऊन रुंद झाली आहे, आणि विदर्भाशी जबलपूरचा थेट दुवा पुन्हा जुळला आहे. राज्याने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘सीखो-कमाओ’ योजनेत बारावी झालेल्यास ८,०००, आयटीआय झालेल्यास ८,५००, पदविकाधारकास ९,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये महिना विद्यावेतन देऊन प्रत्यक्ष कामावर शिकवण्याची तरतूद आहे. रोजगार कार्यालयाची नोंदणी आता ऑनलाइन होते, आणि तिचे नूतनीकरण आजही मुदतीत करावे लागते.